कापलेल्या फोटोची पांढरी कड

दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले अनुभव' लिहा, असं तुमचं पत्र आलं, तेव्हा मी ते आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. मग पाकीट उलटं करून तिकिटावरचा शिक्का बघितला. खात्री पटली तेव्हा वाचलं. हसू नका. तीस-बत्तीस वर्षं मी हेच केलं आणि त्याचेच पैसे घेतले. आमच्या घरात म्हणतात, हे आरशात बघतानासुद्धा 'हा कोण?' असं विचारून घेतात.

मी सोलापूरच्या एका मराठी साप्ताहिकात होतो. नाव सांगत नाही. साप्ताहिक बंद पडलं, पण माणसं अजून हयात आहेत आणि काहींची तोंडं अजून चालतात. बोलपट नुकतेच आले होते तेव्हाच्या या गोष्टी. आमचे संपादक तात्या, म्हणजे साप्ताहिकाचे मालक, वसुली करणारे आणि अग्रलेख लिहिणारे एकटेच. त्यांनी एक सदर काढलं होतं. दर आठवड्याला एका गल्लीचा किंवा पेठेचा इतिहास छापायचा. कुठला पार कोणी बांधला, कुठली तालीम कधी सुरू झाली, कुठल्या आळीला हे नाव का पडलं. लोकांना सांगितलं होतं, जुनी कात्रणं आणा, फोटो आणा, बघून परत देऊ. आणलेलं तपासायचं आणि त्याची नकल चिकटवहीत लावायची, हे माझं काम.

तुम्हाला वाटेल, सोपं काम. अहो, आपल्या आजोबांविषयी माणूस जितकं खोटं बोलतो तितकं कोर्टातसुद्धा बोलत नाही. सदर सुरू झालं आणि महिन्याभरात सोलापुरातल्या प्रत्येक आडाला, पाराला आणि मारुतीला तीन-तीन बांधणारे निघाले.

तपासायची रीत सांगतो. कात्रण आलं की मी पुढची बाजू वाचत नसे. आधी पाठ बघायची. खोटं करणारा माणूस पुढच्या मजकुरावर जीव टाकतो आणि पाठीमागे काय छापलंय ते विसरतो. एका तालमीचे वस्ताद आले. धिप्पाड माणूस, खुर्चीत मावेना. त्यांच्या आज्याने प्लेगाच्या आधी तालीम काढली, अशी बातमी असलेलं कात्रण त्यांनी आणलं. कागद पिवळा, कडा खाल्लेल्या, सगळं झकास. मी हुंगून बघितलं तर चहाचा वास! पाठ फिरवली तर पाठीवर बोलपटाची जाहिरात. मी म्हटलं, "वस्ताद, प्लेगात बोलपट कुठं होता?" वस्ताद जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मंग पाठ नका छापू की!"

फोटोचं निराळं. त्या काळी स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. राजवाडा, जिना, कुंड्या. एका घराण्याने आजोबांचा राजवाड्यासमोरचा फोटो आणला आणि संस्थानिकांशी जुना घरोबा सांगितला. त्या राजवाड्याच्या तिसऱ्या पायरीवर एक चुणी होती. तीच चुणी मी आधी आलेल्या दोन आजोबांच्या मागे बघितली होती. पडद्याची घडी एकदा चुकीची पडली होती आणि सोलापुरातले निम्मे आजोबा त्या घडीपुढे उभे राहून गेले होते. मी हे सांगितलं तेव्हा नातवाने मला शिव्या घातल्या. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

असा मी. गावात दबदबा होता म्हणा ना. 'अण्णांच्या भिंगाखालून गेलं म्हणजे खरं,' असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला फार आवडत असे. नडलं ते इथंच.

नवी पेठेतले कापडाचे एक व्यापारी होते, त्यांना माणिकशेठ म्हणू या. त्यांचं एक घर विणकरांच्या एका गल्लीत होतं. बहुतेक बिऱ्हाडं तेलुगू, घरोघर हातमाग. गल्लीच्या मध्यावर एक आड होता. आड म्हणजे अरुंद तोंडाची विहीर, भोवती दगडी कट्टा. त्या पाण्यावर गल्लीचं पिणं, धुणं आणि सगळ्यात मोठं म्हणजे सूत रंगवणं चाले. माणिकशेठांनी एका उन्हाळ्यात आपल्या घराची भिंत पुढे घेतली, ती थेट आडाला वळसा घालून. आड आत गेला, बाया बाहेर राहिल्या. शेठ म्हणाले, आड आमच्या वडिलांपासून आमच्या अंगणातलाच आहे, इतके दिवस भरू दिलं हा आमचा चांगुलपणा. गल्लीने दिवाणी कोर्टात दावा लावला. पाणी नाही तर रंग नाही, रंग नाही तर माग बंद. माग बंद पडलेल्या घराने गल्ली सोडून मिलच्या चाळीत जायचं, एवढाच रस्ता. दोन घरं गेलीसुद्धा.

याच सुमारास माणिकशेठ आमच्या कचेरीत आले. पेढ्यांचा पुडा तात्यांना आणि एक कात्रण मला. मी पेढ्याला हात लावला नाही, हे मुद्दाम सांगतो. कात्रणात लिहिलं होतं की अमुक शेठजींनी आपल्या घराच्या अंगणातील आडाचा गाळ स्वखर्चाने काढविला. शेठजी म्हणजे माणिकशेठांचे वडील. मी पाठ बघितली. मागे ज्या औषधाची जाहिरात होती ते औषध बंद होऊन पंचवीस वर्षं झालेली. कागद जुना, खिळेसुद्धा जुन्या वळणाचे. खिळे म्हणजे छापायची अक्षरं. प्रत्येक छापखान्याची झीज वेगळी असते आणि मला ती ओळखू येई. भिंग लावलं, हुंगलं, बोटाने चोळलं. कागद सोळा आणे खरा निघाला. सदरात छापून आलं की आड शेठजींच्या अंगणातला. शेठच्या वकिलाने तो अंक उचलून कोर्टात दाखल केला.

पुढच्या आठवड्यात नरसम्मा आली.

चाळिशीची बाई. नवरा नाही. एकटी माग चालवायची, हातांना निळ्या रंगाचे डाग. तिचं दार आडाच्या बरोबर समोर होतं, म्हणून दाव्यात तिचं नाव पहिलं. ती दारातच उभी राहिली.

"तुमीच का भिंगवाले अण्णा?"

"मीच. काय आणलंय?"

"तुमी पेपरात खोटं छापलंय. आड गल्लीतला हाय. ह्ये बगा."

तिने पदराच्या गाठीतून एक फोटो काढला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलेला. आड दिसत होता, कट्टा दिसत होता, मागे मोकळी गल्ली. भिंत नाही. पण फोटो अर्धाच होता. डावी बाजू कापलेली. आणि मी काय बघितलं असेल? पुठ्ठ्याच्या तीन कडा काळपट होत्या, चौथी पांढरीफेक. म्हणजे कापून आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

"उरलेला अर्धा कुठाय?"

"तेवडं लागतंय कशाला? आड दिसतो का न्हाय?"

"आड दिसतो. असे आड सोलापुरात पायलीला पन्नास आहेत. डाव्या बाजूला काय होतं ते दाखवा, म्हणजे हा कुठला ते कळेल."

"ते दाखवायचं न्हाय."

"मग हा अर्धाही इथं नको. घेऊन जा."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसऱ्या कोणाला ती लागली असती. मला लागली नाही. मला आनंद झाला होता, चोर सापडल्याचा. मी तिच्यासमोरच नोंदवहीत लिहिलं: 'फोटो नुकताच कापलेला. मुद्दाम लपवाछपवी. संशयास्पद, छापू नये.' तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवलं. तिने फोटो गाठीत बांधला. "लई हुशार हाय की तुमी," एवढं म्हणाली आणि जिना उतरून गेली.

हे एवढ्यावर संपायला हवं होतं. पण माझा स्वभाव! बाई खोटी आहे हे पुरतं सिद्ध केल्याशिवाय मला चैन पडेना. पुठ्ठ्याच्या मागे फोटोवाल्याचा अर्धा शिक्का मी वाचून ठेवला होता. ते अब्बासभाई. म्हातारे झाले होते, स्टुडिओ मुलगा चालवायचा, ते बाहेर बाकावर उन्हात बसायचे. मी गेलो आणि उलटतपासणीच सुरू केली. विणकरांच्या गल्लीत, आडाजवळ, दहा-पंधरा वर्षांमागे कधी फोटो काढला होता का?

अब्बासभाईंनी लगेच मान हलवली. "वो कैसा भूलेंगा? एकच बार गया मैं उस गल्ली में."

"कशासाठी?"

"बच्ची गुजर गई थी. चार-पाँच साल की. माँ बोली, एक भी फोटो नै है इसका, अब निकालो. घर में उजाला कहाँ? माग के खड्डे में तो दिन को भी अंधेरा. मैं बोला, अम्मा, बाहर लेके आओ. आडके बाजू में बैठी, बच्ची को गोद में लेके. बराबर बैठा के रखी, जैसी सोई है."

तेव्हाच्या लोकांना हे नवं नव्हतं. हयातीत फोटो काढायची ऐपत आणि आठवण दोन्ही नसायची. माणूस गेल्यावर धावपळ व्हायची. मोठ्या घरी प्रेताला खुर्चीत बसवत आणि मागे सगळं कुटुंब उभं राही. घरात उजेड नसेल तर अंगणात आणायचं, अंगण नसेल तर गल्लीत. असे फोटो मी कितीतरी बघितले होते. पण नरसम्माचा फोटो बघताना माझ्या डोक्यात कड होती. पांढरी कड.

"काच आहे का?" मी विचारलं. काचेच्या पट्टीवर मूळ फोटो उतरायचा, ती मिळाली असती तर काम झालं असतं.

"काच?" अब्बासभाई हसले. "वो तो कब की धुलाके फ्रेमवाले को बेच डाली."

मी घरी गेलो नाही, थेट त्या गल्लीत गेलो. माणिकशेठांची नवी भिंत चुन्याचा वास मारत उभी होती. त्या भिंतीला डोकं आपटावं असं मला वाटलं. नरसम्मा मागावर बसली होती. मला बघून धोटा थांबला.

"काय? आता घर तपासता का?"

"नरसम्मा, मी अब्बासभाईंकडे जाऊन आलो."

तिने हातातला धोटा बाजूला ठेवला. मी म्हटलं, "आधी सांगायचं होतं. मला सांगितलं असतं तर..."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी छापलं असतं," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय तुमचा पेपर. आटवडा झाला का कोपऱ्यावरच्या गाड्यावर येतो. त्यात भजी बांदतात. तेल लागतं, लोकं खातात, बोळा करून गटारात टाकतात. माजी लेक, माजी राजी, गटारात जाऊ दिऊ का मी? म्हून कापलं. माज्या हातानं कापलं, कात्रीनं. लेकराला कात्री लावली की हो अण्णा!"

मी पेपरातला माणूस. आमच्या कागदाचं पुढं काय होतं हे मला बाईकडून कळावं! आमच्याच अंकात बांधलेली भजी मी कितीदा खाल्ली होती.

तिने देवाच्या फळीमागून दुसरा अर्धा काढून आणला. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला. मी तो घेतला, खिशातला पहिला अर्धा... माझ्या खिशात कसा असेल, तो तिच्याच गाठीत होता. तोही तिने दिला. मी दोन्ही कडा जुळवून बघितल्या. डावीकडे तिचंच दार दिसत होतं, चौकटीवरच्या दगडी कमळासकट, आणि ते कमळ माझ्या डोक्यावर तसंच होतं. आता सोलापुरात तसा दुसरा आड दाखवून द्यायची कोणाची छाती नव्हती. मी म्हटलं, "हे कोर्टात द्यावं लागेल. पेपरात येणार नाही. काम झालं की तुमच्या हातात परत आणून देईन. माझा शब्द."

"तुमचा शबुद?" ती म्हणाली. संशय घ्यायची पाळी आता तिची होती, आणि तो रास्त होता. पण तिने फोटो दिला. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी घरी बसून खळीने दोन्ही तुकडे नव्या पुठ्ठ्यावर जोडले. आयुष्यात इतक्या जपून मी काही चिकटवलं नाही. मग ते माणिकशेठांचं कात्रण पुन्हा काढलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं. 'आपल्या घराच्या अंगणातील'. कुठलं घर? शेठच्या वडिलांचं राहतं घर नवी पेठेत, तिथंही आड होता. विणकर गल्लीतलं घर तर त्यांनी बऱ्याच वर्षांनी घेतलेलं. कागद खरा होता, बातमी खरी होती, आणि ती दुसऱ्याच आडाची होती. पाठ बघण्याच्या नादात मी पोट वाचलं नव्हतं.

कोर्टात मी साक्षीला उभा राहिलो. शेठच्या वकिलांनी माझी नोंदवहीच पुढे केली. तात्यांनी स्नेहापोटी ती त्यांना दिली होती, हे मला तिथं कळलं.

"हे अक्षर तुमचं? 'मुद्दाम लपवाछपवी, संशयास्पद' असं तुम्हीच लिहिलंत? मग तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?"

भरल्या कोर्टात लोक हसले. त्यात ते आजोबांच्या राजवाड्याचे नातूही होते, आणि ते जरा जास्तच हसले. मी म्हणालो, "तेव्हा चुकलो. गाळाच्या कात्रणातही चुकलो." एवढी दोन वाक्यं बोलायला मला घाम फुटला.

वकील काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, भिंत तेव्हा नसेल. पण जागा शेठच्या घराचीच, उघडं अंगण होतं. बाईला फोटोपुरतं तिथं बसू दिलं असेल. मुन्सफसाहेबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि नरसम्माला विचारलं, "बाई, ही मुलगी झोपली आहे का?"

"न्हाय सायेब. सकाळी गेलेली हाय." तिचा आवाज चढला नाही, पडला नाही. ती वकिलांकडे वळली. "तुमी म्हणता अंगण हुतं. माजं मेलेलं लेकरू मांडीवर घिऊन मला शेटच्या अंगणात कोन बसू दिलं असतं? त्यांच्या पाण्याजवळ? तुमच्या अंगणात बसू द्याल का?"

वकिलांनी कागद चाळले. माणिकशेठ खाली बघत होते. सुतक धरणाऱ्या घरातला कुठलाही माणूस या प्रश्नाला 'हो' म्हणू शकत नव्हता. ज्या आडाशेजारी गल्लीतली बाई प्रेत घेऊन बसू शकते तो आड गल्लीचा, हे सांगायला कुठलं कात्रण नको होतं.

निकाल गल्लीच्या बाजूने लागला. भिंत पाडायचा हुकूम झाला आणि ती पाडली तेव्हा बायांनी ओवाळण्याऐवजी भिंतीच्या विटांवर धुणी आपटली. तात्यांना तो फोटो छापायचा होता. "अंक हातोहात जाईल, अण्णा!" मी म्हटलं, माझा राजीनामाही त्याच अंकात छापा. मग त्यांनी नाद सोडला. चुकीची कबुली म्हणून चार ओळी तेवढ्या आल्या, शेवटच्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली. मला वाटत होतं, पहिल्या पानावर याव्यात. तेवढ्यासाठी मात्र मी भांडलो नाही.

माणिकशेठांनी वर अपील केलं. कागद वर गेले, फोटो कागदांबरोबर गेला. अपील फेटाळलं गेलं, पण फोटो काही परत आला नाही. मी अर्ज केले. कधी उत्तर आलं की फाइल वर आहे, कधी की खाली पाठवली आहे. पुढे तेही येईनासं झालं. नरसम्मा दर दोन-तीन महिन्यांनी कचेरीच्या दारात येई. "आलं का, अण्णा?" "नाही अजून." "बरं." मी शब्द दिला होता आणि तो माझ्या हातचा नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. वर्षं गेली, तिचं विचारणं कमी झालं, मग थांबलं. आडावर मात्र रोज गर्दी असे.

मी नोकरी सोडली त्याच्या आदल्या वर्षी ती एकदा पुन्हा आली. केस पिकले होते. कोणी नव्हतं कचेरीत. ती पहिल्यांदाच आत येऊन बसली.

"अण्णा, फोटू येत न्हाय, मला म्हाईत हाय. एक काम करा. तुमी त्यो भिंग लावून बगितला हुता की. माज्या राजीचं तोंड कसं हुतं ते सांगा. मला आता आटवंना झालंय. डोळं मिटलं की नुसतं पांढरं दिसतं."

मी काय सांगणार? कट्टा किती हात उंच होता, सावली कुठल्या अंगाला पडली होती, दारावरच्या कमळाला पाकळ्या किती, हे मी तेव्हा सांगितलं असतं आणि आजही सांगेन. पोरीच्या तोंडाकडे मी बघितलंच नव्हतं. तुकडे जोडतानासुद्धा माझं लक्ष कडा जुळतात का, इकडेच होतं.

"कपाळ मोठं होतं," मी म्हणालो. "नाक तुमच्यासारखं. ओठ जरा उघडे."

ती पुढे वाकून ऐकत होती.

"आन् तीळ?"

"होता की."

"कुटल्या गालावर?"

"डाव्या."

नरसम्मा माझ्याकडे बघत राहिली, मी लोकांच्या कात्रणांकडे बघायचो तशी. मग "व्हय," म्हणाली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. तीळ होता की नव्हता, हे मला आजवर माहीत नाही.